गळती नेमकी कुठे? वांकेल इंजिनाच्या सीलांचा इतिहास



यंत्रांचा इतिहास सांगताना सहसा आपण शोध लावणाऱ्यापासून सुरुवात करतो आणि कारखान्याच्या दारात थांबतो. यंत्र विकलं गेलं, की इतिहास संपला असं धरून चालतो. आज आपण उलट्या टोकापासून सुरुवात करू. विकून चाळीस-पन्नास वर्षं झालेलं एक यंत्र घेऊ आणि त्यातली एकच जागा निवडू. यंत्र आहे जपानच्या माझदा कंपनीचं '१२ए' हे रोटरी इंजिन. जागा आहे इनटेक मॅनिफोल्ड इंजिनाला जिथे चिकटतो तो सांधा. जुन्या इंजिनांत या सांध्यातून कूलंट गळतं. गळतं तेव्हा कधी बाहेर ओघळतं, तर कधी आतच शोषलं जातं आणि सायलेन्सरमधून पांढऱ्या ढगासारखं बाहेर पडतं.

आता कुणी म्हणेल, हा गॅरेजचा विषय झाला, व्याख्यानाचा कुठे? त्याचं उत्तर असं की ते पाणी तिथूनच का गळतं, हे विचारायला लागलो की आपण १९२० च्या दशकातल्या जर्मनीत जातो, तिथून हिरोशिमाला, आणि शेवटी आपल्याच न्यायशास्त्राच्या एका जुन्या उदाहरणाशी येऊन ठेपतो. दुसरंही एक कारण आहे. या गळतीचं निदान चुकलं तर अख्खं इंजिन उतरवून खोललं जातं, किंवा सरळ भंगारात जातं. निदान बरोबर आलं तर एक पॅकिंग आणि थोड्या रबरी रिंगा बदलून काम भागतं. हे इंजिन आता कुठेही तयार होत नाही. त्यामुळे चुकीच्या निदानाने गेलेलं प्रत्येक इंजिन कायमचं गेलं.

आधी यंत्र समजून घेऊ. नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतो आणि ती हालचाल क्रँकमार्फत गोल फिरवावी लागते. रोटरी इंजिनात पिस्टन नाही. फुगीर बाजूंचा एक त्रिकोण आहे, समोशासारखा, त्याला रोटर म्हणतात. तो ज्या पोकळीत फिरतो तिचा आकार कमरेत किंचित आवळलेल्या लंबगोलासारखा, भुईमुगाच्या शेंगेची आठवण करून देणारा. रोटरची तीन टोकं सतत भिंतीला टेकलेली असतात. त्यामुळे भिंत आणि रोटर यांच्यामध्ये तीन कप्पे तयार होतात. रोटर फिरताना ते कप्पे लहान-मोठे होतात आणि त्यातच इंधन-हवेचं मिश्रण आत येणं, दाबलं जाणं, पेटणं आणि धूर बाहेर जाणं, हे सगळं घडतं. रोटरचा एक फेरा होईपर्यंत मधला दांडा तीन फेरे घेतो. व्हॉल्व्ह नाहीत, कनेक्टिंग रॉड नाहीत. कागदावर याहून देखणं इंजिन सापडणार नाही.

पण कागदावरचा त्रिकोण आणि लोखंडाचा त्रिकोण यांत फरक आहे. भूमितीतली रेघ भिंतीला टेकते म्हणजे टेकते, तिथे फट उरत नाही. खऱ्या धातूला फट असतेच. तो तापतो, फुगतो, झिजतो. म्हणून या इंजिनाचा सगळा इतिहास हा सीलांचा इतिहास आहे. कप्प्याकप्प्यांमधला वायू अडवणारं सील, तेल अडवणारं सील आणि पाणी अडवणारं सील. ही तिन्ही आपल्याला पुढे भेटणार आहेत.

फेलिक्स वांकेल यांचा जन्म १९०२ मध्ये जर्मनीतल्या लार या गावी झाला. त्यांचं अभियांत्रिकीचं शिक्षण झालं नव्हतं. तरुणपणी ते हायडेलबर्गमध्ये पुस्तकांच्या व्यवसायात काम शिकत होते. फिरत्या इंजिनाची कल्पना त्यांच्याआधीही अनेकांना सुचली होती आणि ती प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी अडली, वायू अडवायचा कसा? वांकेल यांचं वेगळेपण हे की इंजिन बाजूला ठेवून त्यांनी वर्षानुवर्षं फक्त सीलांचा अभ्यास केला. १९३० च्या दशकात जर्मन विमान उद्योगासाठी त्यांनी फिरत्या व्हॉल्व्हच्या सीलांवर काम केलं.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. वांकेल १९२० च्या दशकापासूनच नाझी चळवळीत होते. अंतर्गत भांडणातून ते बाहेर पडले, १९३३ मध्ये काही महिने तुरुंगातही होते, आणि तरी पुढे लिंडाऊ इथे त्यांची कार्यशाळा उभी राहिली ती त्याच राजवटीच्या विमान मंत्रालयाच्या पैशावर. युद्ध संपल्यावर फ्रेंच सैन्याने त्यांना अटक केली आणि कार्यशाळा मोडून टाकली. यंत्राचं कौतुक करताना माणसाचा हिशेब विसरायचा नसतो, आणि माणसाच्या हिशेबावरून यंत्राचं मोल ठरवायचंही नसतं. दोन्ही वह्या वेगळ्या ठेवलेल्या बऱ्या.

१९५१ मध्ये वांकेल यांचा एनएसयू या मोटारसायकल कंपनीशी करार झाला. पहिलं इंजिन १९५७ च्या फेब्रुवारीत चाललं. पण ते आज आपण ओळखतो तसं नव्हतं. त्यात बाहेरची पोकळीही फिरत असे, आणि साधा स्पार्क प्लग बदलायचा तर इंजिन खोलावं लागे. एनएसयूमधले अभियंते हान्स डीटर पाश्के यांनी बाहेरची पोकळी स्थिर केली आणि फक्त रोटर फिरता ठेवला. पुढे जगभर गेलं ते हे दुसरं रूप. वांकेल यांना ही सुधारणा मुळीच आवडली नाही. म्हणजे ज्या इंजिनाला आपण वांकेल इंजिन म्हणतो, त्याचं आजचं रूप खुद्द वांकेल यांना नको होतं!

१९६७ मध्ये एनएसयूने 'आरओ ८०' ही मोटार बाजारात आणली आणि पुढच्याच वर्षी ती युरोपातली 'कार ऑफ द इयर' ठरली. पण रोटरच्या टोकांवरची सीलं अवेळी झिजू लागली. वॉरंटीखाली इंजिनामागून इंजिन बदलून द्यावं लागलं. रस्त्यात दोन आरओ ८० समोरासमोर आल्या की आपलं कितवं इंजिन चालू आहे ते मालक एकमेकांना बोटांनी दाखवतात, असा विनोद त्या काळी चाले. कंपनीला मात्र हा विनोद परवडला नाही. १९६९ मध्ये एनएसयू फोक्सवॅगनच्या छत्राखाली गेली आणि तिचं स्वतंत्र अस्तित्व संपलं.

आता हिरोशिमाकडे वळू. माझदा मोटारी बनवणाऱ्या कंपनीचं तेव्हाचं नाव तोयो कोग्यो. तीनचाकी मालवाहू गाड्यांसाठी ती ओळखली जाई. १९६० च्या सुमारास जपान सरकारचा विचार असा होता की मोटार कंपन्या फार झाल्या, लहानांनी मोठ्यांत विलीन व्हावं. अध्यक्ष त्सुनेजी मात्सुदा यांना वाटलं, आपल्याकडे दुसऱ्या कुणाकडे नाही असं काही असेल तरच आपण टिकू. ते जर्मनीला गेले आणि १९६१ मध्ये एनएसयूबरोबरचा करार पक्का झाला. १९६३ मध्ये केनिची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ अभियंत्यांचा विभाग सुरू झाला. जपानी लोककथेतल्या ४७ सामुराईंशी हा आकडा जुळत होता, त्यामुळे ते नाव त्यांना चिकटलंच.

त्यांच्यासमोर पहिली अडचण आली ती पोकळीच्या आतल्या भिंतीवर उमटणाऱ्या आडव्या ओरखड्यांची. सील भिंतीवरून सरकताना थरथरत होतं. अभियंत्यांनी त्या खुणांना 'सैतानाच्या नखांचे ओरखडे' असं नाव दिलं. पुष्कळ प्रयोगांनंतर कार्बन आणि ॲल्युमिनियम एकत्र करून बनवलेलं सील उपयोगी पडलं. दुसरी अडचण पांढऱ्या धुराची होती. रोटरच्या बाजूने तेल जळणाच्या कप्प्यात शिरत होतं. त्यासाठी तेलाची नवी सीलं तयार करावी लागली. हा पांढरा धूर लक्षात ठेवा, त्याच्याकडे आपल्याला परत यायचं आहे. १९६७ च्या मे महिन्यात 'कॉस्मो स्पोर्ट' बाजारात आली आणि १९६८ मध्ये जर्मनीतल्या ८४ तासांच्या शर्यतीत एक कॉस्मो चौथी आली.

याच काळात घेतलेला एक निर्णय आपल्या गळतीच्या मुळाशी आहे. आरओ ८० मध्ये मिश्रण पोकळीच्या परिघावरच्या छिद्रातून आत येत असे. जास्त वेगात हे उत्तम, पण गाडी हळू चालली की इंजिन गचके देई. माझदाने रस्त्यावरच्या गाड्यांसाठी आत येणारं छिद्र परिघावर न ठेवता बाजूच्या भिंतीत ठेवलं. इंजिन शांत चालू लागलं. पण याचा दूरचा एक परिणाम झाला.

दोन रोटरचं इंजिन हे एखाद्या सँडविचसारखं असतं. पुढची प्लेट, पहिली पोकळी, मधली प्लेट, दुसरी पोकळी, मागची प्लेट. पाच थर, आणि त्यांना आरपार बांधणारे लांब बोल्ट. १२ए मध्ये तीन प्लेटा बिडाच्या आहेत आणि दोन पोकळ्या ॲल्युमिनियमच्या. थरांच्या सांध्यांत पाणी अडवणाऱ्या रबरी रिंगा बसवलेल्या असतात. आत येणारी छिद्रं प्लेटांमध्ये आली, म्हणून इनटेक मॅनिफोल्ड या वेगवेगळ्या प्लेटांवर पुलासारखा बसवावा लागला. साध्या इंजिनात मॅनिफोल्ड सलग एका हेडवर बसतो. इथे तो स्वतंत्र ओतलेल्या तुकड्यांवर बसतो, आणि ते तुकडे एका पातळीत राहतील एवढ्या भरवशावरच त्याचं पॅकिंग पाणी धरतं. मॅनिफोल्ड ॲल्युमिनियमचा, खालच्या प्लेटा बिडाच्या. तेवढ्याच उष्णतेत ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. म्हणजे गाडी सुरू झाली की हा सांधा थोडा सरकतो आणि निवली की परत येतो. वर्षानुवर्षं.

मग तिथे पाणी आणलंच कशाला, हा रास्त प्रश्न. उत्तर कार्बोरेटरमध्ये आहे. थंड हवेत पेट्रोलचे थेंब मॅनिफोल्डच्या भिंतीला चिकटतात, त्यांची नीट वाफ होत नाही. म्हणून इंजिनातलं गरम पाणी मॅनिफोल्डच्या पोटातून फिरवलं जाई. पाणी जिथे प्लेटमधून मॅनिफोल्डमध्ये शिरतं तिथे पॅकिंगच्या जोडीला रबरी ओ-रिंगा असतात. भर म्हणून या इंजिनात धूर बाहेर नेणारा मॅनिफोल्ड बरोबर इनटेकच्या खाली असतो, आणि रोटरी इंजिनाचा बाहेर पडणारा वायू फार तप्त असतो. खालून सतत भाजणं, आतून जुनं झालेलं कूलंट. कूलंटमधला गंज रोखणारा भाग संपला की ते आम्लधर्मी होत जातं आणि ॲल्युमिनियमला खड्डे पाडतं. रबर कडक होतं, खड्डा पडतो, सांधा सरकतो. पाणी गळतं ते इतक्या सगळ्या कारणांच्या बेरजेमुळे.

आता निदानाकडे येऊ. सकाळी गाडी सुरू केली, इंजिनाने आढेवेढे घेतले, मग पांढरा ढग बाहेर आला. रेडिएटरमधलं कूलंट आठवड्याला थोडं थोडं कमी होतंय, पण जमिनीवर डाग नाही. यावर मेकॅनिकचं ठरलेलं उत्तर असतं, 'आतली पाण्याची सीलं गेली, इंजिन खोलावं लागेल.'

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे धूर म्हटला की न्यायशास्त्राचा डोंगर आठवतोच. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. प्रत्येक विद्यार्थी अनुमान शिकतो ते या उदाहरणाने. पण त्याच परंपरेत पुढे एक इशारा दिलेला आहे, आणि बौद्ध तर्कशास्त्रज्ञांनी त्यावर विशेष भर दिला. जे दिसतंय तो धूरच आहे कशावरून? ती वाफ असेल. हेतूच पक्का झालेला नाही, म्हणून अनुमानही होत नाही. याला ते संदिग्धासिद्ध म्हणतात. आपल्या सायलेन्सरमागचा प्रसंग नेमका हाच आहे. निळसर, तेलकट वासाचा धूर असेल तर तेलाचं सील. गोडसर वासाची, हवेत विरणारी असेल तर ती कूलंटची वाफ. वाफ आहे हे पक्कं झालं तरी प्रश्न संपत नाही, कारण पाणी आतल्या सीलातून आलं की मॅनिफोल्डच्या सांध्यातून, हे वाफ सांगत नाही. एकाच खुणेला दोन कारणं.

इथे इंजिनाची रचनाच आपल्याला साक्षीदार पुरवते. आतलं सील फुटलेलं असेल तर पेटलेल्या वायूचा प्रचंड दाब त्या फटीतून पाण्यात शिरतो. रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, त्या बुडबुड्यांत जळलेल्या वायूचा अंश सापडतो, पाणी बाहेर फेकलं जातं. मॅनिफोल्डचा सांधा गळत असेल तर असं होऊ शकत नाही. कारण मिश्रण पेटतं त्या वेळी बाजूच्या भिंतीतलं ते छिद्र त्या कप्प्याच्या वाट्याला नसतंच, कप्पा पुढे सरकलेला असतो. स्फोटाचा दाब मॅनिफोल्डपर्यंत पोचत नाही. उलट चालू इंजिनात मॅनिफोल्डमध्ये हवेचा दाब कमी असतो आणि पाण्याचा जास्त, म्हणून पाणी आत ओढलं जातं. गाडी बंद केल्यावरही पाण्यातला उरलेला दाब थेंब थेंब आत ढकलत राहतो, आणि सकाळी तो ढग दिसतो.

म्हणून पहिली पायरी बुडबुड्यांची. त्यासाठी रेडिएटरचं झाकण उघडायचं ते इंजिन पूर्ण गार असताना, आणि मग गाडी सुरू करायची. जळलेल्या वायूचे बुडबुडे सापडले तर आतलं सील. नाही सापडले तर मॅनिफोल्डची शक्यता वाढली. वाढली, सिद्ध झाली नाही. आतलं सील अगदी थोडं गेलेलं असेल तर बुडबुडे चटकन दिसतही नाहीत. दुसरी पायरी, गार इंजिनावर हातपंपाने रेडिएटरला दाब द्यायचा आणि काटा उतरतो का ते पाहायचं, मॅनिफोल्डच्या कडेला बोट फिरवायचं. तिसरी पायरी प्रत्यक्षाची. पाणी काढून घेऊन, कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड उतरवायचा आणि पॅकिंग वाचायचं. पाण्याच्या छिद्रापासून हवेच्या छिद्राकडे गेलेला गंजाचा किंवा कूलंटचा माग दिसला, की पाण्याची वाट सापडली. एवढं करायला इंजिन जागेवरून हलवावं लागत नाही.

दुरुस्तीत घाई करण्यासारखं काही नाही. छिद्रांत बोळे घालून जुनं पॅकिंग खरवडायचं, पण ॲल्युमिनियमवर ओरखडा उमटू द्यायचा नाही, कारण ओरखडा म्हणजे नवी वाट. सरळ धारेची पट्टी लावून पृष्ठभाग एका पातळीत आहे का ते फिलर गेजने पाहायचं. पाण्याच्या छिद्राभोवती खड्डे असतील तर ते उष्णता सोसणाऱ्या इपॉक्सीने भरून सपाट करायचे, फार असतील तर मशीनवर मॅनिफोल्डचा चेहरा घासून घ्यायचा. नवं पॅकिंग, नव्या ओ-रिंगा. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन टप्प्यांत, सारखे आवळायचे. एकाच दमात एक टोक आवळलं की दुसरं उचललं जातं. मग ताजं कूलंट, आणि त्यातली हवा पूर्ण काढणं. उष्ण हवेच्या भागात काही जण पाण्याची ती वाट कायमची बुजवून टाकतात. गळतीचा प्रश्न मिटतो, पण थंडीत सकाळी इंजिन अडखळतं. गळती थांबवणारी पूड रेडिएटरमध्ये टाकणं हा मात्र उपाय नाही. ती गळतीबरोबर रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवते, इंजिन तापतं, आणि मग जी आतली सीलं शाबूत होती तीही जातात.

इतिहासाचा उरलेला धागा थोडक्यात सांगतो. १९७३ च्या तेलसंकटात अमेरिकेत माझदाच्या रोटरी गाड्या शहरात गॅलनला जेमतेम १० ते ११ मैल देतात असा सरकारी आकडा बाहेर आला आणि कंपनी बुडायला आली. सुमितोमो बँकेने हात दिला, यामामोतोंच्या माणसांनी इंधनाचा खर्च उतरवला, आणि १९७८ मध्ये आपलं हेच १२ए इंजिन घेऊन 'आरएक्स-७' आली. १९९१ मध्ये चार रोटरच्या '७८७बी'ने ले मांची २४ तासांची शर्यत जिंकली. जपानी कंपनीचा तिथला तो पहिला विजय. २०१२ मध्ये 'आरएक्स-८' बंद झाली आणि रोटरीवर चालणाऱ्या मोटारींचं उत्पादन थांबलं. २०२३ पासून एका विजेच्या मोटारीत बॅटरीला वीज पुरवण्यापुरता एक रोटर परत आला आहे.

या सगळ्यात मॅनिफोल्डच्या सांध्याचं नाव कुठल्या विजयाच्या यादीत येत नाही. पण विचार करून पाहा. वांकेल यांचा प्रश्न होता, सरकणाऱ्या दोन पृष्ठभागांमधून काही निसटू नये म्हणून काय करायचं? यामामोतोंचा प्रश्न तोच होता. आणि आज ओ-रिंग बोटावर घेऊन मॅनिफोल्डवर वाकलेल्या माणसाचाही प्रश्न तोच आहे. शोध लावणारा एका टोकाला आणि दुरुस्ती करणारा दुसऱ्या टोकाला, अशी मांडणी आपण करतो ती इथे टिकत नाही. दोघं एकाच कामाला लागलेले आहेत, फक्त मधे काळ गेला आहे. पहिल्याने सांधा निर्माण केला, दुसऱ्याला त्या सांध्यात कुणाकुणाचे निर्णय दडले आहेत हे ओळखावं लागतं. छिद्र बाजूला का आलं, पाणी तिथे का नेलं, बिडाला ॲल्युमिनियम का जोडलं, हे ज्याला ठाऊक आहे तो धूर पाहून इंजिन खोलायला धावत नाही. तो आधी विचारतो, ही वाफ आली कुठून? इतिहास जाणण्याचा एवढा रोकडा फायदा दुसऱ्या ठिकाणी क्वचित मिळतो.

पुढच्या व्याख्यानात आपण शिवणयंत्राकडे जाऊ. प्रश्न असतील तर आता घेऊ.